डुकरिणीचे कान

ऑल्डन पॉमरॉयला त्या सकाळी नदीवर जायचं नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं.

डार्सी, त्याची मुलगी, सात वाजताच येऊन स्वयंपाकघरात बसली होती. ती गावच्या शाळेत मुलांचं जेवण रांधायची. एप्रिलमधला एक शनिवार मात्र ती बापासाठी राखून ठेवायची. बापाला आणि कॉर्लिसला होडीसकट वर पुलाजवळ सोडायचं आणि ट्रक घेऊन सात मैल खाली जाऊन त्यांची वाट बघायची, एवढंच तिचं काम.

ऑल्डनने आपल्या हाताने कॉफी ओतली. ओतताना कपाच्या कडेवरून एक बोट आत सोडलं आणि बोटाला चटका बसला तशी किटली सरळ केली.

"बाबा, कपात बोट काय घालता?"

"गरम आहे का बघतोय."

"वाफा निघताहेत. दिसत नाहीत?"

"दिसताहेत की," तो म्हणाला.

दिसत नव्हत्या. कपही नीटसा दिसत नव्हता. खिडकीच्या उजेडात टेबलावर काहीतरी पांढरं होतं आणि ते कप असणार, एवढंच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ऑक्टोबरपासून तर सगळं जग दुधाळ काचेपलीकडे गेलं होतं. डार्सीला एवढंच ठाऊक होतं की बापाला नवा चष्मा हवाय. तिने दोनदा बँगोरच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि दोन्ही वेळा त्याने फोन करून ती रद्द केली. तिला सांगितलं, डॉक्टरच रजेवर गेलेत. सहा वर्षांपूर्वी मर्नाला, त्याच्या बायकोला, त्याच रस्त्याने नेलं होतं, आणि येताना ट्रकमध्ये तिची चादर तेवढी होती. त्या रस्त्याचा त्याला कंटाळा होता. खरं तर अलीकडे त्याला बऱ्याच गोष्टींचा कंटाळा यायचा. जिना चढायचा, शेगडीत लाकूड घालायचा, बूट चढवायचा. पण होडीतल्या मागच्या बैठकीवरचा माणूस आंधळा झालाय हे कळलं की ती बैठक गेली, आणि ती गेली की मग वर्षाला धरून ठेवणारं काय उरतं, हे त्याला सांगता येत नव्हतं. म्हणून तो बूट चढवत होता.

"फोनवर पाण्याचा आकडा पाहिलात का?" डार्सीने विचारलं. "वरच्या सरकारी मोजपट्टीचा. रात्रभर डोंगरावर पाऊस होता म्हणे."

दार ढकलून कॉर्लिस हॅस्केल आत आला तो तेवढंच ऐकून. सत्तरीचा, बारका, तोंडाला कुलूप नसलेला माणूस. एका हातात त्याच्या बायकोने तळलेल्या काकवीच्या डोनटची पिशवी होती, दुसऱ्या हातात गुडघ्याखाली घ्यायच्या गालिच्याच्या घड्या.

"फोनला म्हणावं, आधी पाय ओले कर, मग बोल," तो म्हणाला. "शहरातली ती रंगीत टोपीवाली पोरं बघतात फोन. आपल्याला डुकरीण आहे."

"काका, आकडा बघायला काय जातंय?"

"जातंय काही नाही गं. पण माझ्या बापाने आकडा पाहिला नाही, याच्या बापाने पाहिला नाही, आणि दोघेही अंथरुणात मेले. चल म्हाताऱ्या, ऊठ. बसलास की तू मुळं धरतोस."

ऑल्डन उठला. त्याचे गुडघे वाजले.

"ऐकलंस?" कॉर्लिस डार्सीला म्हणाला. "बर्फ फुटलं वाटतं नदीचं."

---

टॅनरी नदी वर्षातले तीनच आठवडे होडीच्या कामाची. डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलं की ती चहाच्या रंगाची होते, फुगते आणि गावाखालून धावते. जून लागला की गुडघाभर पाणी आणि बाकी सगळे धोंडे. त्या तीन आठवड्यांत पाणी कधी योग्य आहे, हे गाव दोन पिढ्या एकाच खडकावरून ठरवत आलं होतं.

लोखंडी पुलाच्या वरच्या अंगाला, डाव्या काठापासून वीसेक हातांवर तो करडा खडक पडलेला होता. प्रवाहाकडे नाक करून निजलेल्या डुकरिणीसारखा. तिला पोट होतं, खांदा होता आणि वर दोन टोकदार कान. पाणी पोटाला असलं तर होडीचा तळ दगडांवर सोलून निघतो, जाऊ नये. खांद्याला असलं तर उत्तम. कानांच्या मुळाशी आलं तर जपून जावं. कान बुडले असतील तर घरी जाऊन झोपावं.

आणि बघायची रीत ठरलेली होती. दोघांनी काठावर शेजारी उभं राहायचं, बोलायचं नाही, मनातल्या मनात बघून घ्यायचं. मग होडीत पुढे बसणाऱ्याने आधी बोलायचं आणि मागे बसणाऱ्याने मग. दोघांचं एक आलं तर होडी पाण्यात. एक नाही आलं तर होडी परत ट्रकवर, आणि त्यावर वाद घालायचा नाही. कॉर्लिस पुढे आणि ऑल्डन मागे, असं एकतीस वर्षं चाललं होतं. दोनदा त्यांचं जमलं नव्हतं. दोन्ही वेळा ते मुकाट घरी गेले होते.

डार्सीने ट्रक पुलापाशी लावला. तिघांनी होडी उतरवली, हिरवी, सतरा फुटी, तळाला ठिगळं लावलेली. काठाच्या सावलीत अजून बर्फ होतं आणि त्यावरून होडी सहज घसरली. मग डार्सी ट्रकला टेकून उभी राहिली आणि दोघे म्हातारे काठावर गेले.

ऑल्डनने खडकाच्या दिशेला तोंड केलं. राखाडी उजेडात राखाडी पाणी, आणि त्यात काहीतरी गडद. त्याला पाणी कुठे संपतं आणि दगड कुठे सुरू होतो ते कळेना. म्हणून तो ऐकत राहिला. पाणी खांद्याला असलं की डुकरिणीच्या मानेमागच्या खळग्यात ते पडायचं आणि गटगट असा आवाज यायचा, पाणी पिणाऱ्या जनावरासारखा. लहानपणी तो आवाज ऐकून तो हसायचा. आज गटगट नव्हती. नुसता एक जाड, सलग घोंगावा होता.

"खांदा," कॉर्लिस म्हणाला. "खांदा, आणि वर चार बोटं. कान कोरडे खडखडीत. यापेक्षा चांगलं मागू नये माणसाने."

आता त्याची पाळी होती.

खांद्याला पाणी असतं तर गटगट आली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण कॉर्लिसचे डोळे ससाण्याचे होते. आणि नुसतं 'मला पटत नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं, वाद नव्हताच. पण पुढे घरी जाताना कॉर्लिसने विचारलं असतं, तुला काय दिसलं रे? तेव्हा काय सांगायचं? वारा असेल, त्याला वाटलं. आवाज वाऱ्याने जात असेल. आणि तो इतका थकला होता, की खोटं शोधून काढण्यापेक्षा नदीत उतरणं त्याला सोपं वाटलं.

"खांदा," तो म्हणाला.

"झालं तर मग! डार्से, जा खाली. डोनट संपवू नकोस."

---

पहिला मैल अल्डरच्या झुडपांमधून जायचा. तिथे नदी पसरट, आणि तळाचे गोटे होडीला खालून खरखरत जायचे. चुलीवर कुणी चणे परतावेत तसा तो आवाज. ऑल्डन गुडघ्यांवर बसून वल्हं मारत त्या आवाजाची वाट बघत राहिला. आवाज आला नाही. झुडपांच्या फांद्या मात्र त्याच्या कानाला लागल्या. एरवी त्या डोक्याच्या वर असायच्या.

"काय सुरेख चाललीय!" कॉर्लिस पुढून ओरडला. तो होडीत बसला की ओरडूनच बोलायचा. "लोण्यातून सुरी! डावीकडे धोंडा. नाही, गेला. बुडालाय."

"कुठला धोंडा?"

"तोच रे, जिथे तू माझी शिट्टी हरवलीस तो."

तो धोंडा कमरेएवढा उंच होता. ऑल्डनने वल्ह्याचं पातं खोल घातलं आणि हात खांद्यापर्यंत पाण्यात जाईतो खाली नेलं. तळ लागला नाही. वल्हं त्याच्या बापाने अ‍ॅशच्या लाकडातून कोरलेलं होतं आणि त्याच्या दांड्यावर बापाच्या हाताने पडलेला खळगा होता. त्या खळग्यात त्याचा अंगठा बसायचा. आज अंगठा गारठून बधिर झाला होता.

दुसऱ्या मैलाला कपडे धुवायच्या फळीसारखा एक खळाळ होता. लहान लहान पायऱ्या, त्यांच्यावरून पाणी बडबडत जायचं आणि होडीत बसलेल्या माणसाचे दात वाजायचे. त्या जागी ते आले, आणि होडी नुसती वर गेली, खाली आली, वर गेली, खाली आली. मोठ्या, गुळगुळीत लाटा. बडबड नाहीच. सगळी फळी पाण्याखाली खोल गेलेली होती.

कॉर्लिस खुशीत होता. "पोरांना पैसे देऊन असा झोपाळा मिळत नाही!"

फळी मुकी झाली म्हणजे खाली घळीत काय चाललं असेल, हे कळायला ऑल्डनला बघावं लागत नव्हतं. तिथे नदी दोन कड्यांमध्ये चिंचोळी होते. पाणी योग्य असलं तर डावीकडे गुळगुळीत पाण्याची एक जीभ असते, तिच्यावरून जाता येतं. पाणी याहून वर असलं तर जीभ नसते. तिथे उलटं फिरणारं पाणी असतं, ते आत घेतं आणि सोडत नाही. त्याच्या लहानपणी ओंडके वाहून नेणारे दोन गडी त्या पाण्याने घेतले होते. एकाचे बूट तेवढे सापडले होते.

घळीच्या आधी बाहेर पडायची एकच जागा. जुन्या काळी ओंडके अडवायला लाकडांची चौकट रचून तिच्यात धोंडे भरून एक खांब उभा केलेला होता, डाव्या काठाजवळ. त्याच्या मागे पाण्याला थारा होता. तिथे होडी शिरली की थांबायची. ती जागा चुकली की पुढे घळच.

"कॉर्लिस," त्याने हाक मारली. "खांब दिसायला लागला की सांग."

"तुला नाही का दिसत? तू उंच बसलायस."

"सांग रे तू."

चार वल्ही मारून झाली. मग, "तो बघ. दिसला. पण..." कॉर्लिस थांबला. "हे काय? वरची दोनच लाकडं दिसताहेत."

एरवी सात दिसायची. पाणी खांद्याला असलं की सात. दोघांनाही ते पाठ होतं.

"काठ धर," ऑल्डन म्हणाला. "थाऱ्यात घे. बाहेर पडायचंय."

"वेडा झालास? डुकरिणीचा खांदा मी या डोळ्यांनी..."

"मी नाही पाहिला."

"काय?"

"मी डुकरीण पाहिलीच नाही!" ऑल्डन ओरडला. एकतीस वर्षांत तो होडीत ओरडला नव्हता. "मला खडक दिसत नाही, खांब दिसत नाही, तुझी पाठसुद्धा दिसत नाही. नुसता तुझ्या कोटाचा पिवळा डाग दिसतो. तू म्हणालास म्हणून मी म्हणालो. आता तू सांग कधी वळायचं ते. मला ते दिसणार नाही."

कॉर्लिसने एकदाच मागे वळून पाहिलं. काय पाहिलं, ते ऑल्डनला कळलं नाही. मग तो पुढे वळला आणि वल्हं मारायला लागला, आणि त्याचा आवाज बदलला. बडबड गेली. नुसते शब्द उरले.

"उजवीकडे दाब. अजून. सरळ. खांब दहा हात. थांब. थांब. पाच. आता नाही. आता नाही. आता!"

ऑल्डनने सगळं अंग टाकून वल्हं दाबलं. होडीचं नाक थाऱ्यात शिरलं आणि मागचा भाग प्रवाहाने ओढून नेला, तशी ती गर्रकन फिरली. खालच्या बाजूला कलंडली, आणि कडेवरून बर्फासारखं पाणी आत आलं, त्याच्या मांड्यांवर, पोटावर. कुठेतरी लाकडाची धार त्याच्या मनगटावर बसली. हातातलं वल्हं सुटलं. त्याने हवेत हात मारला. हातात काही आलं नाही.

"झाड धरलंय! झाड धरलंय मी! उतर, म्हाताऱ्या, उतर, कमरेएवढंच आहे!"

तो उतरला. छातीएवढं होतं. पण पायाखाली गोटे लागले, आणि ते गोटे हलत नव्हते.

---

काठावर त्यांनी होडी उपडी करून झाडाला बांधली. कोरडे कपडे पिशवीत होते ते घातले, आणि कॉर्लिसच्या खिशात भिजून लगदा झालेला प्रत्येकी एक डोनट उभ्याउभ्या खाल्ला. घळीचा आवाज तिथे जमिनीतून पायांत येत होता.

नदी तिथून वळसा घालून तीन मैल जाते. जुना ओंडक्यांचा रस्ता टेकडीवरून एका मैलात खाली, डार्सी थांबायची तिथे उतरतो. त्या रस्त्याने ते निघाले. सावलीत नडगीएवढं बर्फ, उन्हात घोट्याएवढा चिखल. ऑल्डन कॉर्लिसच्या पावलांच्या आवाजामागे चालत होता आणि कॉर्लिस बोलत नव्हता. ते ऑल्डनला चिखलापेक्षा जड जात होतं.

"केव्हापासून?" शेवटी कॉर्लिसने विचारलं.

"ऑक्टोबरपासून फार. त्याआधी थोडं थोडं."

"म्हणजे गेल्या वर्षी घळीतून..."

"तू ओरडत होतास ना. त्यावर."

कॉर्लिस रस्त्यातच उभा राहिला. "अरे, मी उगाच ओरडतो! मला ओरडायची खोड आहे! अर्ध्या वेळा मी डावं म्हणतो ते उजवं असतं!"

"माहीत आहे. मी तेवढं वजा करायचो."

ते पुन्हा चालायला लागले.

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर पुढे बसला असतास?"

"नसतो बसलो."

"मग."

"मग काय मग? माझ्या बायकोला काय सांगणार होतास? डोनट मस्त झाले होते?"

पावलं मोजावीत तसा ऑल्डन चालत राहिला. उजवा गुडघा प्रत्येक पावलाला तेच तेच सांगत होता.

उताराला लागले तेव्हा खालून कुणीतरी पळत येत असल्याचा आवाज आला, चिखलात फचफच. डार्सी होती. तिची पँट मांड्यांपर्यंत ओली होती आणि हातात ते वल्हं होतं, आजोबांचं. ती समोर येऊन थांबली आणि तिने आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, दोन आहेत ना हे मोजल्यासारखं.

"हे आलं," ती म्हणाली. "नुसतं हे आलं. होडी नाही, तुम्ही नाही. मी पाण्यात शिरून काढलं." तिचे दात वाजत होते. "अर्धा तास... बाबा, हे एकटंच आलं."

ऑल्डनने हात पुढे केला. वल्ह्याकडे केला होता, पण तो वल्ह्यापासून बराच बाजूला गेला. डार्सीने ते पाहिलं. तिने वल्हं त्याच्या हातात आणून दिलं नाही. तो हात चाचपडत कुठे जातो ते बघत ती उभी राहिली.

"किती दिसतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"उजेड दिसतो."

"आणि डॉक्टर रजेवर होते."

"नव्हते."

ती रडली नाही. तिने वल्हं काखेत घेतलं आणि दुसऱ्या हाताने बापाचं कोपर धरलं, घट्ट, दुखेल असं. "खाली रस्त्यावरच्या सभागृहातून गावात फोन करून आलेय," ती म्हणाली. "सगळे येताहेत."

"सगळे म्हणजे?" कॉर्लिसने विचारलं.

"सगळे."

"मेलो," कॉर्लिस म्हणाला.

खरंच सगळे आले. अग्निशमनाची गाडी, दोर, घोंगड्या, आणि तिच्याबरोबर गावातले सहा जण, त्यातले चौघे ऑल्डनने होडी चालवायला शिकवलेले. त्यांनी दोघांच्या अंगावर घोंगड्या घातल्या, कॉफी दिली. कुणी थट्टा केली नाही. थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

---

परतताना कॉर्लिसने पुलापाशी ट्रक थांबवायला लावला. "खांदा होता," तो म्हणत होता. "मी आंधळा नाही. खांदा होता." तो पूल ओलांडून पलीकडे गेला, उजव्या काठाला, जिथून डुकरिणीकडे कुणी कधी बघत नाही. बराच वेळ तो आला नाही. मग डार्सी गेली आणि बापाला हाताला धरून घेऊन गेली.

कॉर्लिस कठड्याला धरून उभा होता.

"बर्फाने उचललीय तिला," तो म्हणाला. "हिवाळ्यात इथे बर्फ तुंबलं होतं ना, मार्चमध्ये? त्याने समोरून ढकललीय. बूड खाली गेलंय आणि डोकं वर आलंय. या बाजूने सगळी सोललेली आहे, पांढरी फटक, माझ्या उंचीएवढी. निजली होती ती बसलीय." त्याने खाली बोट दाखवलं. "कान कोरडे असणारच. आता ते पुरातसुद्धा कोरडेच राहतील. आणि मी म्हणालो, खांदा."

"फोनवर आकडा होता," डार्सी हळूच म्हणाली. कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

"तू ऐकलं असशील," कॉर्लिस ऑल्डनला म्हणाला. "तुझे कान कुत्र्याचे. ती गटगट."

"नव्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला जे दिसलं ते तू बोललास," ऑल्डन म्हणाला. "मला दिसलं नाही तरी मी बोललो. तुझ्याकडून चूक झाली. माझ्याकडून काय झालं ते मला माहीत आहे."

खालून नदी त्याच जाड आवाजात जात होती. दोघांनी एकाच खडकाकडे बघायचं, ते डोळ्यांच्या दोन जोड्या असाव्यात म्हणून. एका जोडीवर भागवायचं असतं तर बापांनी रीत कशाला घातली असती?

ते ट्रकमध्ये परत बसले.

ऑल्डनच्या घरामागे होड्यांची शेड होती. तिच्या आतल्या भिंतीवर, उघड्या फळ्यांवर, दरवर्षीच्या पहिल्या फेरीची एक ओळ होती. आधी बापांच्या हातची, मग ऑल्डनच्या. साल, पाणी कुठवर, मागे कोण, पुढे कोण. मागे बसणाऱ्याने लिहायचं, सुताराच्या चपट्या पेन्सिलीने. पेन्सिल खिळ्याला दोऱ्याने बांधलेली असायची.

ऑल्डनला ती शोधावी लागली नाही. ती हाताला ठाऊक होती. त्याने ती धरली आणि भिंतीला बोट लावून शेवटच्या ओळीची खाच शोधली. तिच्याखाली कोरडं लाकूड होतं. तो उभा राहिला. हात खांद्यापर्यंत नेऊन धरण्याएवढाही जोर त्याच्यात उरला नव्हता.

"घे," तो म्हणाला आणि पेन्सिल मागे केली.

"मी पुढे बसतो," कॉर्लिस म्हणाला. "पुढचा लिहीत नाही."

"आज कुठे वळायचं ते कुणी सांगितलं?"

कॉर्लिसने पेन्सिल घेतली. "काय लिहू?"

"लिही, डुकरीण हलली. खांबापासून परत."

"बस?"

"बस."

पेन्सिल लाकडावर चालायला लागली. ऑल्डन ऐकत होता. डुकरीण हलली एवढं लिहून झालं असेल, खांबही झाला असेल, तरी पेन्सिल थांबेना. ती ओळीच्या टोकाला गेली, खाली आली आणि पुन्हा चालायला लागली. दारात उभी असलेली डार्सी ते वाचत होती आणि एकदा नाकाने हसली, मग एकदम गप्प झाली.

"काय लिहिलंस इतकं?" ऑल्डनने विचारलं.

"आहे काहीतरी."

"वाचून दाखव."

"मी नाही दाखवणार. डार्से, तूही दाखवायचं नाही." कॉर्लिसने पेन्सिल परत खिळ्याला टांगली. ती दोऱ्यावर फळीला दोनदा आपटली. "लाकडात दाबून लिहिलंय, पुसलं जायचं नाही. डोळे नीट करून ये आणि तुझं तूच वाच."

ऑल्डनने भिंतीवर तळवा ठेवला. ताज्या अक्षरांचं लाकूड जरा खरबरीत लागत होतं, दोन ओळींएवढं, कदाचित तीन. बोटांनी त्यातलं एकही अक्षर कळेना.

"सोमवारी सकाळी दवाखाना उघडतो," डार्सी दारातून म्हणाली. "फोन मी करणार. तुम्ही फोनजवळ जायचं नाही."

"त्या रस्त्यावर फार खड्डे असतात या दिवसांत," तो म्हणाला.

"असू देत."

तो आणखी काही म्हणणार होता. पण पाय भरून आले होते, मोजे पुन्हा ओले झाले होते, आणि भिंतीवर काय लिहिलंय ते त्याला माहीत नव्हतं.

"किती वाजता निघायचं?" त्याने विचारलं.